धुळादादांचा अंगठा

धुळादादा दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवतानाच "बोला, मिस्त्री!" म्हणायचे आणि पुढचा अर्धा तास मला तोंड उघडू द्यायचे नाहीत. हैदराबादच्या वाटेवर कुठल्या ढाब्याची आमटी पातळ झाली, कुठल्या नाक्यावर किती रांग होती, नवीन टायर चढावर कसा वागतो, सगळं ऐकून घ्यावं लागे. उठताना म्हणायचे, "चला, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं बगा." मी त्या अर्ध्या तासात 'हं' सोडून काही बोललेलो नसायचो. राग यायचा, पण आठवडाभर दिसले नाहीत की करमायचंही नाही.

यवतला हायवेच्या कडेला माझं रेडिओ-टेप विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. मोबाइल अजून आमच्याकडे आले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. एक दिवस धुळादादा आले आणि बोला वगैरे काही न म्हणता बाकावर बसले. मी घाबरलोच. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, ट्रकमदी बसतो त्यो बोलायचा रेडू पायजे. एक गाडीत, एक घरी."

घरात बापलेकाचं काय बिनसलंय ते सगळ्या यवतला ठाऊक होतं. धुळादादांचे वडील, आबा, जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. पाय थकले तसा धुळादादांनी कळप विकला आणि ट्रक घेतला. आबा नको नको म्हणत असताना कागदावर त्यांचा अंगठा घेतला. त्याच संध्याकाळी आबांनी बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, की पोराशी समोरासमोर पुन्हा बोलणार नाही. त्याला चार वर्षं झाली होती. सुनेशी बोलत, नातवंडांशी बोलत. धुळादादा घरात आले की भिंतीकडे तोंड.

"आबांनी समोरासमोर न्हाई बोलनार म्हनून भंडारा उचललाय," धुळादादा म्हणाले. "पेटीत बोलाय कुठं बंदी हाय? म्हातारं आता किती दिस ऱ्हानार? मला त्यांचा आवाज ऐकायचाय, मिस्त्री."

अशा सेटला तेव्हा परवाना लागायचा. कागद पाठवण्यात आणि उत्तराची वाट बघण्यात एक पावसाळा गेला. मग मी मुंबईहून तीन नमुने आणून टेबलावर मांडले. एकाला चाळीस चॅनल आणि लाल आकडे. दुसरा लहानसा, हातात मावणारा. तिसरा जुन्या बांधणीचा, काळा, ओबडधोबड. मी पहिल्याची शिफारस केली. आवाज स्वच्छ, पल्ला चांगला. धुळादादांनी माझं ऐकलं नाही हे सांगायला नकोच. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कळप विकल्याचा तोच कागद, खाली आबांचा निळा अंगठा. तो त्यांनी तिन्ही माइकच्या बटणांवर धरून बघितला. लोकर कातरून कातरून आबांचा अंगठा रुंद आणि वाकडा झालेला. काळ्या सेटचं बटण तेवढं त्या ठशाला पुरलं.

"ह्योच," धुळादादा म्हणाले. "आकडं काय करायचं? आबांला दाबता आलं पायजे."

तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना रेडिओ विकले. असा निवडलेला एकही आठवत नाही.

ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची, सेट बाराचा, म्हणून मध्ये व्होल्ट उतरवणारी एक डबी बसवली. घराशेजारी बांबू उभारून त्यावर एरियल चढवली. दोघांनाही वेगवेगळं बसवून शिकवलं: बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, दाबून धरलं तर समोरचा बोललेला ऐकू येत नाही. आबांनी मान हलवली. धुळादादा म्हणाले, "कळलं, कळलं," आणि वायरी कुणी गुंडाळाव्यात यावर मलाच शिकवू लागले.

सोलापूरकडून येताना चौफुल्याच्या जवळपास सेट लागे आणि यवत ओलांडलं की आवाज विरून जाई. जेमतेम पंधरा मिनिटं. दोन महिने झाले आणि धुळादादा तोंड पाडून दुकानात आले. "सेट बदला. मी एवढं बोलतो, आबा एक शबुद बोलत न्हाईत."

सेट बदलण्याआधी मी त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. आबा सेटपुढे मांडी घालून, डोक्याला पटका बांधून बसले होते, पाहुणे यायचे असल्यासारखे. खरखर झाली आणि धुळादादा सुरू झाले. "आबा, म्या बोलतोय, गाडी झकास हाय, उन्हं लई हायती, बोला आबा, आन् ते पाटसचं वळन..." 'बोला' म्हणून ते पुढेच जात होते. आबांनी वाकडा अंगठा बटणावर टेकवला आणि माइकमध्ये म्हणाले, "धुळ्या, भिगवनकडं मेंढरं उतरली का रं?" बटण सोडलं. तिकडून पाटसचं वळण अजून चालूच होतं. आबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच विचारलं. यवत मागे पडेपर्यंत पाच वेळा.

मग माइक खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "रोज इचारतो. त्यो ऐकतो कुठं? तवाबी न्हाई ऐकलं."

पुढच्या खेपेला मी मुद्दाम कुरकुंभला जाऊन त्यांच्या ट्रकमध्ये बसलो. काय ऐकलं ते सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "दादा, आज एवढंच करा. 'बोला आबा' म्हणा आणि अंगठा उचला."

"आन् मंग?"

"मग गप्प बसा."

"किती येळ?"

"ते बोलेपर्यंत."

चौफुला जवळ आला. धुळादादांनी माइक घेतला, "बोला आबा," म्हणाले आणि अंगठा हवेत धरला. नुसती खरखर. त्यांचे ओठ हलू लागले तसा मी डोळे वटारले. आणि मग आबांचा आवाज आला, जाड, जरासा थरथरता: "धुळ्या, भिगवनकडं मेंढरं उतरली का रं?"

धुळादादांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक लावला. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग बटण दाबून एवढंच म्हणाले, "व्हय आबा. दोन कळप हायती. पानी हाय." आणि लगेच अंगठा उचलला.

पुढे तीन वर्षं, आबा जाईपर्यंत, धुळादादा रस्त्याकडेला दिसलेल्या कळपांची वर्दी न चुकता देत राहिले. दोघं समोरासमोर मात्र कधीच बोलले नाहीत. भंडाऱ्याची आण दोघांनीही पाळली.

मागच्या वर्षी धुळादादा आजारी आहेत कळलं म्हणून भेटायला गेलो. खाटेवर अगदी वाळून गेले होते. मला बघून हसले. "बोला, मिस्त्री," म्हणाले आणि सवयीने, माइकचं बटण सोडल्यासारखा, उजवा अंगठा वर उचलला. या वेळी खरोखरच थांबले. आयुष्यभर ज्यांनी मला बोलू दिलं नाही म्हणून मी कुरकुरलो, ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला एक शब्द सुचेना. अंगठा तसाच वर होता.