पहिल्याच अंकात मेलेली आई

कुंडलचे नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि गावाच्या दुर्दैवाने नाटककार झाले. दर जत्रेला त्यांचं नवं नाटक ठरलेलं. त्यातला शेतकरी उसाला पाणी पाजता पाजता म्हणे, "हे पुत्रा, ही काळी आई तुला साद घालीत आहे!" कुंडलमध्ये उभ्या जन्मात कुणी कुणाला पुत्र म्हटलं नव्हतं. लोक हसायचे, आणि नाथाजींना वाटायचं, गावाला भाषेची जाणच नाही.

यंदाचं नाटक बापलेकाचं होतं. ते ऐकून त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, विचारलं, "आवं, पर ह्यात आई कुठं हाय?"

"पयल्या अंकात मेली. बापलेक बोलत्यात तितं तिचं काय काम?"

हे बोलणारा माणूस कोण, तर जो स्वतःच्या मुलाशी कधी सरळ एक वाक्य बोलला नाही. साईराज समोर बसलेला असला तरी नाथाजी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "त्याला विचार, जेवनार हाय का." पोरगाही तसलाच. "आबांना सांग, भूक न्हाई." मधे मनुबाई, हातातली भाकरी सोडून निरोप पोचवणार. तिकडच्या बऱ्याच घरांत ही रीतच आहे; पण बाकीचे बाप निदान नाटकं तरी लिहीत नाहीत.

साईराज शिरवळला कंपनीत होता. तिथंच कायमचं बिऱ्हाड करायचं ठरवून तो सामान न्यायला आला. आईला मात्र म्हणाला, "आबांनी एकदा थांब म्हनावं, मी जात न्हाई. हितंच काय तरी बघतो." मनुबाईंनी ते नवऱ्याच्या कानावर घातलं आणि सरळ लेकीकडे फलटणला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "ह्या खेपंला मी मधी न्हाई. तुमचं तुमी बोला."

झालं! रंगमंचावर बापांना पानपानभर बोलायला लावणारा हा गृहस्थ सकाळभर घरात नुसता फेऱ्या मारत राहिला. सवयीने स्वयंपाकघराकडे वळून "त्याला विचार" असंही म्हणाला. तिथं मांजर होतं. साईराज मुद्दाम हळू बॅग भरत होता, घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होता. शेवटी स्टँडवर एसटी लागली तेव्हा नाथाजींच्या तोंडून निघालं, "फुडं बस. मागं लय हादरतंय."

आणखी काही येईल म्हणून साईराज पायरीवर थांबला. मग "व्हय" म्हणाला आणि पुढं जाऊन बसला.

घरी येऊन नाथाजी लिहायला बसले. "थांब, पुत्रा!" म्हणून बाप जो सुरू झाला तो पानं उलटली तरी थांबेना, आणि मुलगा त्याच्या पायांवर कोसळला. स्वतःचंच लिहिलेलं वाचून नाथाजींना हुंदका आला. खरा मुलगा तोवर साताऱ्याच्या पुढं गेला होता.

संध्याकाळी मनुबाईंचा फोन आला. "पोचला म्हनं. बोललासा का?"

नाथाजी म्हणाले, "त्याला सांग, ऱ्हायला असता तर बरं झालं असतं."



"मला कशाला सांगताय? मी तर पयल्याच अंकात मेले," मनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.