मोजून केलेलं धपाटं

माझा चेहरा जाहिरातीच्या कामाचा नाही, हे मला जाहिरातीचे पैसे भरून झाल्यावर कळलं.

त्याआधी तशी शंका कुणी घेतली नव्हती. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. तिथे माझा चेहरा दिसला की लोक हातातलं काम पुन्हा एकदा तपासून बघतात. त्यावरून माझा समज झाला होता की या चेहऱ्यात काहीतरी वजन आहे. दिवसभर लोखंडाचे नग मोजायचे, मापात बसतील ते पास करायचे आणि बसणार नाहीत ते बाजूला काढायचे, एवढंच माझं काम. ही सवय घरी येताना गेटवर ठेवता येत नाही. त्यामुळे दाराची फट, चहाचा कप, पोळीचा गोलपणा यांच्याकडेही मी त्याच नजरेने बघतो. (पोळीच्या गोलपणाबद्दल लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच बोललो. नंतर फक्त बघतो.)

पण ही गोष्ट पोळीची नाही, धपाट्याची आहे.

आम्ही मूळचे बीडकडचे. आकुर्डीत येऊन निम्मं आयुष्य झालं. आमची मुलगी ऋतुजा वाकडला आयटीत नोकरीला लागली आणि त्याच आठवड्यात सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, जाहीर केलं की ती आता धपाट्यांचं दुकान काढणार. स्टेशनच्या रस्त्यावर तात्यांचा गाळा रिकामा होता. तात्या म्हणजे आकुर्डीतले जुने गावकरी. त्यांची शेतं इमारतींखाली गेली, पण डोक्यावरची टोपी आणि तोंडातली भाषा जिथल्या तिथे आहे. त्यांनी गाळा दिला, पण अट घालून.

"वहिनी, दिवाळीपत्तुर बघा. गिऱ्हाईक लागलं तर गाळा तुमचा. न्हाई लागलं तर मोबाइलच्या कव्हरवाला माज्या मागं लागलाय, त्याला द्यावा लागंल. रिकामा गाळा मला बघवत न्हाई."

इतक्या वर्षांत सुनंदाने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. तिने गाळ्याला आतून फिकट पिवळा रंग दिला. सकाळी शटर उघडलं की ती थोडा वेळ काही न करता नुसती मध्यभागी उभी राहायची, पहाटेच्या देवळात उभं राहावं तशी. बाहेरून कॉलेजची मुलं हातात मोमोच्या प्लेट घेऊन जायची. आत कुणी वळायचं नाही.

मग ऋतुजाने रीलची कल्पना काढली. एका रविवारी सकाळी तिने मोबाइल खिडकीत टेकवून आईचं काम टिपलं. ओल्या फडक्यावर धपाटं थापणारे हात. त्या थापण्याचा मऊ, एकसारखा आवाज. तव्यावरून उठलेली वाफ, तिच्यात तिरपं शिरलेलं ऊन, आणि त्या उन्हात हळूहळू खाली येणारे पिठाचे कण. शब्द एकही नाही. मी ते पाहिलं आणि क्षणभर आकुर्डीत राहिलोच नाही. गावच्या चुलीपुढे, गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो.

"कसं वाटलं, बाबा?"

"यात माहिती काहीच नाही," मी म्हणालो.

"भूक लागली का?"

"लागली. पण माहिती नाही."

ही उणीव भरून काढायला दुसरं रील मी स्वतः केलं. पांढरा शर्ट घातला, भांग पाडला आणि हातात व्हर्निअर घेतला. (व्हर्निअर म्हणजे आमची जाडी मोजायची पकड, कंपनीची नाही, माझी स्वतःची आहे.) कॅमेऱ्यात बघून मी सांगितलं की आमच्या धपाट्याची जाडी अडीच मिलिमीटर असते, कडेला आणि मध्ये सारखीच. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खरं ते सगळं सांगावं या स्वभावामुळे पुढे म्हणालो, "आमच्या गावी आमची आत्या धपाटं जाड करते. तो दोष आम्ही इथे काढून टाकला आहे."

सुनंदाचं रील आपोआप बऱ्यापैकी फिरलं. माझं तिघांनी पाहिलं. तिघंही घरातले.

दिवाळी जवळ येत होती. ऋतुजा म्हणाली की आता थोडे पैसे भरून रील बूस्ट करू, म्हणजे ते जास्त लोकांना दिसेल. एका रविवारच्या मटणाइतका खर्च. मी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. तिचं म्हणणं सोपं होतं. बूस्ट म्हणजे गाडीला मागून दिलेला धक्का. जी गाडी आपणहून थोडी चालते आहे तिला धक्का दिला तर ती पुढे स्वतःच्या जोरावर धावते. बंद पडलेलीला दिला तर धक्का थांबला की तीही थांबते. म्हणून आईचं रील घ्यायचं, आणि आकुर्डीच्या आसपासच्या लोकांनाच दाखवायचं.

"उद्या संध्याकाळी आल्यावर मी करते. तुम्ही फक्त पैसे भरा," असं सांगून तिने दुकानाचं खातं माझ्या मोबाइलवर उघडून दिलं. एवढीच तिची चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस कुरुळीच्या अलीकडे थांबली. बिघडली नव्हती, तिथे सगळ्याच गाड्या थांबतात. बाहेर धुकं होतं. कारखान्यांची छतं त्या धुक्यात तरंगत होती, समोरच्या कंटेनरचे लाल दिवे विस्तव विझत आल्यासारखे दिसत होते. सगळी बस डुलत होती. मीही काचेला डोकं टेकवलं आणि मला रांग दिसू लागली. सुनंदाच्या गाळ्यापासून निघालेली रांग स्टेशनच्या जिन्यावरून वर चढत होती. पिवळ्या गाळ्यात वाफ भरली होती आणि तिच्यात पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ व्हर्निअर घेऊन उभा होता. लोक त्याला नमस्कार करत होते.

अशा अवस्थेत माणसाने पैशाचे व्यवहार करू नयेत. मी मोबाइल काढला.

ऋतुजाचं म्हणणं आठवलं, पण ते मला आमच्या शास्त्राच्या उलट वाटलं. आमच्याकडे चांगल्या नगाला कुणी हात लावत नाही. तो पासच असतो. मेहनत घ्यायची ती नापास नगावर, घासूनपुसून त्याला कामाचा करायचा. म्हणजे पैसे कुठल्या रीलवर लावायचे? उघड आहे, माझ्या! मग गावाचं नाव टाकायची वेळ आली. तिथेही आमचा नियम आहे. माल बाजारात पाठवण्याआधी पहिला नग जाणकाराकडून मंजूर करून घ्यायचा. धपाट्यातले जाणकार आकुर्डीत किती असणार? मी बीड जिल्हा निवडला, बटण दाबलं आणि पुन्हा काचेला डोकं टेकवलं.

दुपारी कँटीनमध्ये मोबाइल पाहिला तर आकडा हलत होता. आयुष्यभर मी स्थिर आकडे मोजले. डोळ्यांसमोर वाढणारा आकडा मी प्रथमच पाहत होतो. आमटी गार झाली, समोरचं ताट कुणीतरी उचलून नेलं, पण मी बघतच होतो. संध्याकाळी घरी पोचलो तो जवळजवळ जमिनीला पाय न लावता.

ऋतुजाने मोबाइल हातात घेतला आणि रील कुठे कुठे पोचलं ते उघडून पाहिलं.

"बाबा, हे सगळे लोक बीडचे आहेत."

"हो. मीच निवडलेत."

"ते आकुर्डीत धपाटं खायला कसे येणार?"

ही बाजू मी तपासली नव्हती. सुनंदा पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही, फक्त मळण्याचा वेग कमी झाला.

"आणि आईचं रील?"

"ते चांगलंच आहे," मी म्हणालो. "त्याला पैशाची गरज नाही."

यावर ऋतुजाने माझी समजूत घातली, म्हणजे स्वतःचीच घातली. म्हणाली, पैसे संपले की रील आपोआप विझेल, कुणाच्या लक्षातही राहणार नाही. पण तसं झालं नाही. पैसे संपले आणि रील धावतच राहिलं, कारण आता धक्का द्यायला गाव लागलं होतं. शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, दूध संकलनाचा ग्रुप. प्रत्येकाने ते पुढच्याला पाठवलं, आणि सोबत एकच मजकूर: बाळूनं आत्याचं धपाटं नापास केलं. (गावात मी अजून बाळूच आहे.)

आत्याचा फोन आला. आत्या फोनवर नेहमी इतक्या मोठ्याने बोलते की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. त्या दिवशी ती हळू बोलली.

"बाळू, जेवलास का रं?"

"जेवलो, आत्या."

"जाड नव्हतं ना?"

आणि फोन ठेवून दिला.

त्या रविवारी सकाळी सुनंदाने नुकतं शटर वर केलं होतं. दुकानासमोर एक क्रूझर गाडी येऊन उभी राहिली. दार उघडलं आणि त्यातून माझी सगळी भावकी उतरू लागली. चुलते उतरले, चुलत्या उतरल्या, जिला मी ओळखत नव्हतो अशी एक म्हातारीही उतरली. (ती वाटेत बसली होती, तिला निगडीला जायचं होतं.) सगळ्यांत शेवटी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं काखेत घेऊन आत्या उतरली. माझ्याकडे न बघता ती आत गेली, सुनंदाच्या गालावरून हात फिरवला, पदर खोचला आणि तव्यासमोर उभी राहिली.

भावकीने गाळ्यातली बाकडी धरली. उरलेले बाहेर कट्ट्यावर बसले. धपाटी सुटू लागली, जाड, वाफाळती, लसणाचा वास थेट रस्त्याच्या पलीकडे नेणारी. मी एका कोपऱ्यात हिशेब करत उभा होतो. बसायला जागा नाही, गिऱ्हाईकाला तर नाहीच. आणि नेमके त्याच वेळी तात्या आले. त्यांच्यासोबत तो कव्हरवाला होता. गाळा दाखवायला आणला होता.

तात्या थबकले. आतली गर्दी बघितली, बाहेरची बघितली.

"आरं तिच्या, दुकान तर भरलंय की."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत एकच विनंती होती, आणि ती मला स्पष्ट वाचता आली. पण माप चुकीचं घेतलं जात असेल तर मला गप्प बसता येत नाही.

"तात्या," मी म्हणालो, "हे गिऱ्हाईक नाही. पाहुणे आहेत. यातल्या एकानेही पैसे दिलेले नाहीत."

सुनंदाने डोळे मिटले. तव्यापाशी आत्याचा हात थांबला.

"कामून रं बाळू," आत्या म्हणाली, "बायकोच्या पोटावर पाय द्यायलास का? आन् ती पकड कुठंय? आण हिकडं."

व्हर्निअर माझ्या खिशातच होता. तिने तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या टोकाने तव्यावरचं धपाटं सफाईने उलटलं.

"आता कामाला आली बघ. धपाटं मोजून करतेत व्हय? भूक बघून करतेत."

मी काही बोलणार तेवढ्यात तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, पाव्हणं कोन आन् गिऱ्हाईक कोन, ते ऱ्हाऊ द्या. जरा मागं बघा."

मागे पोरं उभी होती. जवळच खोल्या घेऊन राहणारी, कारखान्यांत शिफ्ट करणारी, कुणी लातूरची, कुणी परभणीची, काही आमच्याच तालुक्यातली. कित्येक महिने या रस्त्याने जात होती. आज आत्याचा आवाज कानावर पडला आणि वळली. पुढच्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. धूर असेल, मी तपासलं नाही. आत्याने प्रत्येकाला आधी गाव विचारलं, मग धपाटं दिलं. पैसे सुनंदाने घेतले. तात्यांनी दोन खाल्ली आणि हात पुसत म्हणाले, "वहिनी, गाळ्याचं आता मला इचारू नका." कव्हरवाला चार धपाटी बांधून घेऊन गेला.

ऋतुजाने हे सगळं टिपलं होतं. आत्या, वाफ, ऊन, आणि तव्यावर चालणारा माझा व्हर्निअर. ते रील एक पैसा न भरता धावायला लागलं. मग ऋतुजाने त्यालाच बूस्ट केलं, आकुर्डी-चिंचवडपुरतं, माझा मोबाइल कपाटात ठेवून. दिवाळीला सुनंदाला मदतीला दोन बायका ठेवाव्या लागल्या.

हल्ली बस कुरुळीला थांबली की मी काचेला डोकं टेकवतो आणि रांग दिसते. ती आता खरीच असते, फक्त स्टेशनच्या जिन्यापर्यंत जात नाही. गाळ्यावर पाटी लावली आहे, तिच्यावर दोनच पदार्थ आहेत: आत्याचं धपाटं, आणि माझ्या आग्रहामुळे खाली बारीक अक्षरात, मोजून केलेलं धपाटं. दुसऱ्याला आजवर एकच गिऱ्हाईक मिळालं आहे. रोज संध्याकाळी चाकणहून येतं, कोपऱ्यात बसून गुपचूप खातं, आणि सुनंदा त्याच्याकडूनही पैसे घेते.