गुळाचा खडा आणि बारा बाटल्या

तर काल मी गोष्ट सांगता सांगता आवाज झाला तिथवर आलो होतो. चैत्रातला रविवार, सकाळचे साडेनऊ. मी शेजारच्या चंद्राबाईच्या ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होतो, आणि आतल्या खोलीत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. चहा माझ्या धोतरावर. कोंबड्या थेट छपरावर. चंद्राबाईचा थोरला युवराज मोरीत दाढी करत होता, तो अर्ध्या गालाला फेस घेऊन पळत आला आणि खोलीच्या दाराशीच थबकला. आत पाय टाकला नाही.

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. भुईवर तपकिरी काचा, भिंतीवर फेस, आणि दाराच्या लाकडी चौकटीत बोटाएवढी काच रुतलेली. बरोबर उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर.

काल जे नव्हते त्यांना युवराज कोण ते सांगायला हवं. आमच्या अंथुर्ण्यात एवढं भित्रं पोर दुसरं झालं नाही. दिवाळीला फटाका लावायचा तर ऊदबत्ती कळकाच्या टोकाला बांधायचा. बाजाराच्या दिवशी बादशाहच्या गाड्यावर गोटीसोडा पाजायला न्यावं, तर गोटी दाबायच्या वेळी हा माझ्या धोतरामागं, कानांत बोटं घालून. आणि सोडा प्यायचा कधी, तर त्यातला सगळा वायू उडून गेल्यावर. म्हणजे नुसतं साखरपाणी. बादशाह म्हणायचा, “आबा, ह्याला पुढच्या बाजारी मी विहिरीचंच पाणी देतो, पैसे तेवढेच घेतो.”

आणि देवाची करणी बघा. हाच पोरगा बारामतीला रसायनशास्त्र शिकला आणि पुण्यात एका परवानावाल्या कारखान्यात बियर बनवायला नोकरीला लागला. मोठी मोठी पिंपं, त्यांत उकळायचं, निववायचं, आंबवायचं. भित्रेपणा तिथं कामाला आला. दुसरा माणूस अंदाजानं घालील ते हा सोनाराच्या काट्यावर जोखायचा. मालक खूश झाला आणि म्हणाला, एक छोटं पिंप तुझ्या मनासारखं कर. युवराजनं आपल्या रानातली ज्वारी नेली आणि तिची बियर केली. बारा बाटल्या झाल्या. त्याच गावाकडं आणल्या होत्या. सहा घरात, आणि सहा गुरुवारी दुधाच्या गाडीनं डाळजला अविराजरावांकडं पाठवलेल्या.

हे अविराजराव म्हणजे पेरू-डाळिंबाचे बागायतदार. धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांची बाग आहे. वर्षातून एकदा ते सात-आठ शौकीन माणसं गोळा करतात. प्रत्येकानं आपल्याकडची एक खास बाटली आणायची आणि सगळ्यांनी सगळ्यांची घोटघोट चाखायची. पिऊन पडायचं नाही, चाखायचं. युवराजला यंदा पहिल्यांदाच बोलावणं होतं, त्याच रविवारचं, आणि महिनाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तिथल्या रीतीभाती त्यानं वहीच्या पानावर उतरवल्या होत्या आणि ते पान मला चारदा वाचून दाखवलं होतं. जाताना जेवून जायचं. अंगाला अत्तर-पावडर लावायची नाही, तंबाखू खाऊन बसायचं नाही, दुसऱ्याला वास कळत नाही. आपली बाटली फुशारकीनं पुढं सरकवायची नाही. नाही आवडलं तर गुपचूप बादलीत ओतायचं, तोंड वाकडं करायचं नाही. उरलेली बाटली काखेत मारून घरी आणायची नाही, ती घरधन्याची. गाळ खाली बसावा, बाटली गार व्हावी म्हणून दोन-तीन दिवस आधी पाठवलेली बरी. मी म्हटलं, लेका, ही तर पंगतच झाली, फक्त पत्रावळ नाही.

आणखी दोन रीती होत्या. तेव्हा त्या ऐकून मी मान डोलावली होती. एक म्हणजे हलकी, कमी चढणारी बाटली आधी फोडायची, जड मागून. दुसरी म्हणजे दहा वाजले की सगळ्यांचे फोन गप्प करून टोपलीत, आणि अकराला पहिली बाटली.

आता त्या सकाळकडं चला. युवराज दारात उभा, गालावरचा फेस वाळत चाललेला. चंद्राबाई मागून म्हणाली, “गूळ लई झाला का रं?”

युवराज वळला. “कुठला गूळ?”

“बाटल्यांतला. धुऊन वाळत ठेवल्या तवा तू म्हणालास न्हवं, बाटल्या अजितच्या हायत, सोमवारी माघारी नेतो म्हणून. दुसऱ्याचं भांडं रिकामं द्यायचं असतंय व्हय? तोंडाला बांधलेला कागद काढला, खडा टाकला, कागद परत लावला.”

अजित म्हणजे युवराजच्या जोडीला काम करणारा. बाटल्या खरंच त्याच्या होत्या. पण त्या पुण्याला नेऊन युवराज त्यांतच बियर भरणार होता, हे त्या माउलीला काय ठाऊक? आमच्यात ताकाचं भांडं आलं तर जाताना त्यात दोन मिरच्या तरी जातात. शेजारणीची चाळण परत करताना तिच्यात मूठभर ज्वारी टाकतात. चंद्राबाईनं तेच केलं. आणि काच तपकिरी, तळाशी चिकटलेला खडा दिसणार कसा?

बियर बाटलीत भरताना जोखून थोडीशी साखर घालतात. आतलं यीस्ट ती खातं, त्याचा वायू होतो आणि फेस येतो. युवराजनं साखर काट्यावर जोखली होती. तिच्यावर हा गूळ. दुप्पट खाणं, दुप्पट वायू, आणि झाकण पक्कं.

“किती बाटल्यांत टाकलास?” त्यानं विचारलं.

“मोजतंय कोण? डब्यातला सरंस्तोवर टाकला. चार असतील. सात बी असतील.”

युवराजनं फोन हातात घेतला. मी म्हटलं, “आरं, घरातलं घरात झालं. कुणाला लागलं न्हाय.”

“आबा, घरातलं न्हाय,” तो म्हणाला. “सहा तिकडं हायत. फ्रीजमधून काढून टेबलावर मांडतील. आणि माझी सगळ्यांत हलकी. पयली माझीच फोडणार.”

त्यानं फोन लावला. अविराजरावांचा नुसता वाजत राहिला. परत लावला. पाच वेळा, सात वेळा. फोन टोपलीत गेले होते, दहाच्या आधीच. दुसऱ्या कुणाचा नंबर त्याच्याकडं नव्हता.

मग त्याला बादशाह आठवला. बादशाहचाचाचं आता वय झालंय, सोड्याचा गाडा गेला, टेम्पो आलाय. पण गडी तोच. डाव्या डोळ्यानं त्याला दिसत नाही. तिशीत असताना सोड्याची बाटली हातात फुटली, भुवईपासून गालापर्यंत वण आहे. तो आला, खोलीत न जाता दारातूनच चौकट पाहिली, काचेला बोट लावलं आणि विनोद काही केला नाही. बादशाहनं विनोद केला नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

“गारठ्यात बाटली झोपती,” तो म्हणाला, “उन्हात उठती. गोणपाटं भिजवा. चार हितल्या बाटल्यांवर लांबनं फेका, चार टेम्पोत. खोलीला कडी घाला. आबा, तुमी हितंच बसा आन् वयनीला आत जाऊ देऊ नका.”

टेम्पो कळसच्या रस्त्यानं गेला. पुढचं मी दोघांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. दोघांचं सांगणं जुळतं, फक्त बादशाह म्हणतो युवराज सगळ्या वाटेत एक शब्द बोलला नाही आणि युवराज म्हणतो मी सारखा बोलत होतो. काय बोलत होता, तर “चाचा, जोरात घ्या.” बहुतेक मनातच म्हणत असावा. उसाच्या दोन ट्रॉल्या पुढं आडव्या चाललेल्या. त्यांच्या मागं अर्धा तास गेला. युवराज घड्याळाकडं बघायचा आणि मग चाचाच्या डाव्या डोळ्याकडं. एकदा चाचाच म्हणाला, “माझ्याकडं बघू नगंस. रस्त्याकडं बघ, एक डोळा कमी हाय मला.”

इकडं मी आणि चंद्राबाई ओट्यावर. कडी घातलेली. आत पाच बाटल्या, त्यावर ओलं गोणपाट. चंद्राबाई तांदूळ निवडायला घेऊन बसली. तासाभरात एक मूठ निवडून झाली नाही. म्हणाली, “आबा, माझ्या हातनं कुणाचा डोळा गेला तर?” तेवढ्यात आत गोणपाटाखाली धप्प झालं. तिनं ताट खाली ठेवलं आणि माझा हात धरला. चाळीस वर्षं शेजार आहे, पहिल्यांदा धरला.

डाळजला बागेच्या टोकाला आंब्याखाली टेबल मांडलेलं. पलीकडं पाणी. टेबलावर ऊन आलं होतं. सात-आठ माणसं, लहान लहान पेले. बाटल्या काढून अर्धा तास झालेला. आणि अविराजरावांची बहीण रोहिणी, बारामतीला बँकेत आहे, ती युवराजचीच बाटली हातात घेऊन उजेडाकडं धरून बघत होती. गाळ बसलाय का ते. बाटली तिच्या चेहऱ्यापासून वीतभर.

युवराजनं ते टेम्पोतून उतरतानाच पाहिलं. ओरडावं, तर बाई दचकणार आणि बाटली सुटणार. पळावं, तरी तेच. तो चालत गेला. पाहुणा उशिरा येतो तसा, हळू, तोंडावर हसू आणून. टेम्पोपासून टेबलापर्यंत चाळीस पावलं असतील. मला म्हणाला, आबा, मी प्रत्येक पावलाला तिचे डोळे बघत होतो.

“ताई,” तो म्हणाला, “ती माझी बाटली हाय. जरा खाली ठेवता? हळू. टेबलावर न्हाय, गवतावर.”

रोहिणी हसली. “का हो, नजर लागेल?”

“ठेवा तर खरं.”

तिनं ठेवली. मागून आलेल्या बादशाहनं लगेच तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं, दुसरं टेबलावरच्या पाचांवर टाकलं आणि सगळ्यांना हातानं मागं सारलं, गुरं सारतात तसं. अविराजरावांना ते आवडलं नाही. “युवराज, उशिरा आलास ते आलास, आणि आल्याआल्या हा काय प्रकार? आपल्या बाटलीचं आपण कौतुक करू नये, तसं वाईटही बोलू नये. सांगितलं होतं ना?”

“व्हय, सांगितलं होतं,” युवराज म्हणाला. महिनाभर ज्या माणसांपुढं बसायचं म्हणून पान पाठ केलं, ती सगळी त्याच्याकडं बघत होती.

तेवढ्यात टेबलावरचं गोणपाट हललं. धप्प. फार मोठा आवाज नव्हता, ओल्या तागानं तो गिळला. पण गोणपाटातून काचेचं टोक वर आलं आणि तसंच उभं राहिलं. रोहिणीनं आपला हात दुसऱ्या हातात धरला होता.

मग युवराज बोलला. गूळ जास्तीचा पडला एवढं सांगितलं. अविराजरावांनी विचारलं, “कुणी टाकला?” आता बघा, खरं सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हातारीचा भोळेपणा म्हणाले असते, आणि हा सुटला असता. तो म्हणाला, “बाटली मी भरली. भरायच्या आधी तळ बघायचा असतो. मी बघितला न्हाय.”

बादशाहनं उरलेल्या बाटल्या एकेक करून गोणपाटातच सैल केल्या. तोंड वळवायचं, झाकण केसभर उचलायचं, फुस्स झालं की दाबायचं, परत उचलायचं. दोनांचा फेस आंब्याच्या डहाळीला लागला. तीन गप्प निघाल्या. त्यांच्यापर्यंत चंद्राबाईचा गूळ पोचलाच नव्हता. त्या तीन मग सगळ्यांनी घोटघोट चाखल्या. बादशाह सोडून, तो घेत नाही. कुणी बादलीत ओतलं नाही. रोहिणीनं तेवढं विचारलं, वास भाकरीचा येतोय का हो? अविराजराव म्हणाले, पुढच्या वर्षी ये, पण बाटल्या पाठवू नकोस, घेऊनच ये. आणि पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या आण.

युवराजच्या पेल्याला मात्र त्याचं बोट लागलं नाही. बादशाह म्हणतो, तो गवतातल्या काचा वेचत बसला होता.

सांजेला दोघं आले. आमच्याकडच्या चारही चाचानं तशाच सैल केल्या. चंद्राबाईनं पहिलं विचारलं, “सगळ्यांचे डोळे?” युवराज म्हणाला, “हायत.” मग ती उठली आणि चूल पेटवायला गेली.

ह्याला आता सहा महिने झाले. परवा तो गावी आला तेव्हा ओट्यावर नव्या बाटल्या पालथ्या वाळत होत्या, पांढऱ्या काचेच्या. मी विचारलं, काय युवराज, भ्या गेलं का? आणि आईला सांगितलंस का, आता गूळ टाकू नको म्हणून? तो एक बाटली उचलून सूर्याकडं धरून तळ बघत होता. ती खाली ठेवली आणि म्हणाला,

“भ्या न्हाय गेलं, आबा. आता ऱ्हाऊ दे ते, कामाला येतंय. आन् आईला टाकू नको म्हणालो न्हाय. तिला म्हणालोय, टाकलास की मला एक हाक मार.”