वीतभर खोल उखळ

तुलाराम कापगते सरांना त्यांची चूक कोणी कधी दाखवली नव्हती, आणि हेच त्यांना बाधलं. सानगडीकडच्या एका शाळेत ते नववीला विज्ञान शिकवायचे. पुस्तकातली गणितं सोडून गावातली घालायची त्यांना भारी हौस. १९७३च्या वार्षिक परीक्षेत त्यांनी ढेकीचं गणित घातलं. पायानं दाबून धान कांडायच्या ढेकीचं आठ किलोचं मुसळ जमिनीपासून साठ सेंटिमीटर वर उचलून सोडलं, तर आदळताना त्याची गतिज ऊर्जा किती?

वर असताना जी स्थितिज ऊर्जा, तीच खाली येताना गतिज होते. आठ गुणिले दहा गुणिले शून्य पॉइंट सहा, अठ्ठेचाळीस ज्यूल. साऱ्या वर्गानं तेच लिहिलं. एकट्या गिरजानं उंची ऐंशी सेंटिमीटर धरून चौसष्ट लिहिलं. सरांनी लाल रेघ ओढली.

निकालाआधी पेपर दाखवले, तेव्हा गिरजा उभी राहिली.

"सर, मुसळ जमिनीवर नाही पडत, उखळात पडते. उखळ वीतभर खोल रायते. थे वीस धरले मी."

"आता तू मले शिकवशील का? जा, धानच कांड!"

वर्ग खो खो हसला. या गणिताचे चार मार्क गेले आणि गिरजा विज्ञानात तीन मार्कांनी नापास झाली. नापास पोरीला कायले शिकवायचं म्हणून बापानं तिचं शाळेतून नाव काढलं.

खरी गोष्ट अशी, की सरांनी जन्मात ढेकी जवळून पाहिली नव्हती. ढेकी बायकांची. पुरुषानं तिथं पाय ठेवला तर गावभर हसं. नुसता धाडधाड आवाज ऐकून वाढलेला माणूस, आणि निघाला गणित घालायला! त्या दिवाळीत सत्यभामाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, अंगठी उखळात पडली. बाईंची कंबर धरलेली, म्हणून सरांनी हात घातला. मनगट बुडालं तरी तळ लागेना.

"एवढं खोल कायले?"

"उथळ राहिलं त सारं धान बाहीर उडन ना!"

सर तिथंच बसून राहिले. गिरजाचे चौसष्टच बरोबर होते. दुसऱ्या दिवशी सायकल काढून ते गिरजाच्या घराच्या वळणापर्यंत गेले. हेडमास्तर काय म्हणतील, पोरं काय म्हणतील? तिथूनच त्यांनी सायकल वळवली. पुढं गिरजाचं लग्न झालं. वर्गात कोणी उभं राहिलं की सर आता आधी ऐकून घेत. लोक म्हणत, सर मवाळ झाले. मवाळ कसले, मनातून मेले होते.

१९८७ साली गिरजाबाई पोरीचं नाव पाचवीत घालायला आली. नावं लिहायला सरच बसलेले. तिनं वाकून नमस्कार केला, आणि सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"गिरजा, तुयं उत्तर बरोबर होतं. चूक माही होती."

"मले मालूम होतं, सर. त्याच दिवशी घरी जाऊन मोजलं. बरोबर वीस भरले."

"मंग सांगाले काहून नाही आली?"

"आली होती ना शाळेत. मोजपट्टी हातातच होती." ती पोरीचा दाखला टेबलावर ठेवत सहज म्हणाली. "तुमी बाकीच्या मास्तरायले माई गोष्ट सांगून हासवून राहिले होते. मी दारातूनच वापस गेली."

सरांनी दाखला ओढून घेतला. पोरीचं नाव त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, पण त्यांना ते वाचता येईना.