टाचेपुरती जागा

वर्कशॉपचं शटर वर गेलं की गुण्यादादा आधी एका स्टुलावर बसत, हात छातीशी बांधत आणि तसेच उठून उभे राहत. रोज पाच वेळा. सुताराच्या गुण्यासारखा काटकोनात चालणारा माणूस, म्हणून हे नाव. कारागीर गालात हसत. बायको म्हणायची, "शाळेत चुकवलेल्या उठाबशा आता भरून काढतायत."

दादांचं लक्ष पायांकडे असे. उठताना माणूस आधी टाचा मागे ओढतो, मगच अंग वर येतं. धाकट्या भावाला पटाशी धरायला शिकवली तेव्हाच हेही शिकवलं होतं.

दवाखान्यातल्या बाकांचं काम आलं, तेव्हा दादा आठवडाभर तिथे नुसते बसून राहिले. कोण कसं उठतं, कशाचा आधार घेतं, ते बघत. मग बाक केले. बैठक नेहमीपेक्षा तीन बोटं उंच, बाजूचे हात मुठीत धरता यावेत असे पुढे काढलेले, आणि खालची जागा पार मागेपर्यंत मोकळी.

"एवढं करून दिसायला काहीच नाही," धाकटा म्हणाला.

"दिसायला नाहीच केलेलं. उठायला केलंय."

बाक बसवायच्या दिवशी दादांची कंबर धरली, म्हणून धाकटा एकटाच गेला.

पंधरा दिवसांनी दादा औषध आणायला गेले. एक आजीबाई बाकावरून उठत होत्या. टाचा मागे घेतल्या, खट्. पुन्हा घेतल्या, पुन्हा खट्. शेवटी सुनेनं काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं.

"वय झालं, दुसरं काय," आजी ओशाळून म्हणाल्या.

दादा वाकले. बाकाखालची जागा पुढून फळी ठोकून बंद केली होती. कुणा आडमुठ्याचं काम, त्यांना वाटलं. मग स्क्रू दिसले. सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका ओळीत. असे स्क्रू ते स्वतः बसवत, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला धाकटा.

दवाखान्याच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "खाली केर साठतो, म्हणून फळी मारू का विचारलं होतं. हरकत नाही असं तुम्हीच लिहून दिलंत की!" त्यांनी कागद काढला. खाली दादांची सही होती, धाकट्याच्या वळणदार अक्षरात.

दादा परतले तेव्हा धाकटा रंधा मारत होता.

"फळ्या तू मारल्यास?"

"फळीला नाही म्हटलं तर वरच्या दोन मजल्यांचं काम हातचं जात होतं, दादा. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास."

"म्हणून माझ्या नावानं हो म्हणालास?"

"एक फळीच तर आहे!"

"उद्या जाऊन काढ."

धाकट्यानं रंधा पुन्हा सुरू केला.

आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडणार तरी कुणावर? दादांनी चपला घातल्या. त्या वर्कशॉपची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. त्या दिवशी दारातून एवढंच म्हणाले, "दुपारी खिडकीवाले येतील. मापं भिंतीवर लिहून ठेवलीत. त्यांना चहा पाज."