इंदूआत्याची पडवीतली प्रयोगशाळा

"रोगबीग काय नाय हिला. पुस्तकं झालीत, पुस्तकं," पडद्यामागे कंपाउंडर कुणाला तरी म्हणाला आणि हसला. गोवर झाला म्हणतात, त्या सुरात. बाकावर माझ्या शेजारी इंदूआत्या बसली होती. तिने ते ऐकलं की नाही, हे चेहऱ्यावरून कळलं नाही. तिची मान थोडी उजवीकडे वळलेली होती, अलीकडे ती तशीच असे, आणि पदर डाव्या खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आला तरी तिला पत्ता नव्हता. मी तो सारखा केला. कर्जतच्या त्या दवाखान्यात आम्ही दोघी एकत्र गेलो, ती शेवटची वेळ. आत्याला जाऊन आता काही आठवडे झालेत. तिच्याबद्दल गावात जे बोललं जातं, ते ऐकत मी गप्प बसत आले. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मुंबईत मुलींना मानसशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. लढाईत जपानी बॉम्ब पडणार म्हणून मुंबई रिकामी होऊ लागली, तेव्हा बाबांनी तिला आणलं, आणि ती कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटून राहिली. आम्ही कर्जतला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन नुकतीच घरी आले होते. माझं मराठी तेव्हा अडखळतं होतं आणि माणसांत बसायचं म्हटलं की घशाला कोरड पडे. आत्याने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. "तू बोलत नाहीस म्हणजे तू बघतेस," म्हणाली. "मला असाच माणूस हवाय." आणि मी रोज सकाळी दहिवलीला जाऊ लागले.

तिची प्रयोगशाळा म्हणजे पडवी, एक सतरंजी आणि माझी जीभ. पहिल्या दिवशी तिने मला डोळे मिटायला लावून जिभेवर काहीतरी ठेवलं. "काय आहे?" "कोकम." "चूक. कोकम हे तुझ्या डोक्यातलं नाव. जिभेला काय कळलं तेवढं सांग." मी बराच वेळ विचार केला... आंबट. ओलं. गालाच्या आतून खेचल्यासारखं. आत्या खूश झाली. जर्मनीत एका प्राध्यापकांनी अशीच एक खोली घेऊन त्यात माणसं बसवली, घंटा वाजवल्या आणि आत काय होतं ते ज्याचं त्याला सांगायला लावलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं, असं ती सांगे. त्याआधी मन तत्त्वज्ञांच्या आणि पुजाऱ्यांच्या ताब्यात होतं. या पद्धतीला ती अंतर्निरीक्षण म्हणे. नियम दोनच. वस्तूचं नाव घ्यायचं नाही, संवेदना सांगायची. आणि निरीक्षकाने निष्कर्ष काढायचा नाही. घंटा आमच्याकडे नव्हती. सकाळच्या शांततेत स्टेशनात गाडीला मागून घाट चढवायचं जादा इंजिन लागे, त्याचा धक्का दहिवलीपर्यंत ऐकू यायचा. तीच आमची घंटा.

बाकीच्या पंथांची ती मजेत ओळख करून द्यायची. "एकाने मनाचे तुकडे केले. अमेरिकेतला दुसरा म्हणाला, तुकडे राहू देत, हे कशाला लागतं ते सांगा. तिसऱ्याने मनच उचलून उकिरड्यावर टाकलं, माणूस काय करतो एवढंच बघा म्हणाला. आणि व्हिएन्नाचे डॉक्टर म्हणाले, अहो, तळघरात आणखी एक मन आहे!" मग हसत सुटायची. तिची निष्ठा मात्र जर्मनीतल्या त्या पहिल्या खोलीवर होती. ती पद्धत तिकडे केव्हाच मागे पडली, हे तिला ठाऊक होतं. "खरं सांगायची शिस्त आहे ती," म्हणायची. "फॅशन जाते, शिस्त कशी जाईल?"

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता ती स्वतःचीच निरीक्षणं सांगू लागली. मला वाटलं, नवा पाठ असेल. "कपाळामागे दाब... आतून बाहेर येणारा. उठल्यावर जास्त. डावीकडे उजेडाची कड आहे, थरथरणारी." आवाज शांत, शिकवताना असे तसाच. मी ऐकत राहिले. मग मला दिसू लागलं ते मात्र तिने सांगितलेलं नव्हतं. ताटातला डावीकडचा भात तसाच राही. केसांची डावी बाजू विंचरायची राहे. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटे, तोही डावाच, आणि तिथे काळंनिळं झालेलं असे. एकदा तिने तांब्या ओट्याच्या डाव्या कडेला ठेवला, तिथे ओटा संपलेला होता. सगळीकडे पाणी झालं. आत्या त्या पाण्याकडे बघत म्हणाली, "गंमत आहे." मला गंमत वाटली नाही. पण निष्कर्ष काढायचा नाही, हे तिनेच शिकवलं होतं.

भांडी घासायला येणाऱ्या गंगूबाईने एक दिवस मला नळाशी गाठलं. "ताई, माजं ऐका. बाईंच्या डोक्यात कोणतरी बसलंय. काल माज्या अंगावरनं गेल्या, मी दिसलेच नाय त्यांना. ह्ये डागदरचं काम नाय. ठाकूरवाडीकडं एक भगत हाय, नारळ घेतो फकस्त." आत्याने आतून ऐकलं आणि ओरडली, "गंगू, माझ्या डोक्यात मीच मावत नाही गं, आणखी कोण बसणार?" गंगूबाई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले.

बाबा तिला आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेले ते त्यानंतर. डॉक्टर तरुण, हुशार, बाबांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. व्हिएन्नाची पुस्तकं त्यांनीही वाचली होती आणि आत्या आली की त्यांना बोलायला उत्साह येई. "काय होतंय?" त्यांनी विचारलं. आत्याने दाब सांगितला, कड सांगितली, थरथर सांगितली. "म्हणजे डोकं दुखतं?" "तो निष्कर्ष झाला, डॉक्टर. मी तुम्हाला संवेदना सांगतेय." "अगं इंदू, सरळ सांग की," बाबा अवघडून म्हणाले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ज्याचं डोकं खरंच दुखतं तो डोकं धरून बसतो, असं काहीतरी ते हसत म्हणाले. मग आम्हा दोघींना बाकावर बसवून बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हा हिस्टेरिया आहे, शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांत असतो, मनात दाबून ठेवलेलं असं बाहेर येतं. तेवढ्यातच पडद्यामागून कंपाउंडरचं ते पुस्तकांचं वाक्य आलं होतं.

परतताना टांग्यात आत्या उजवीकडच्या शेतांकडे बघत होती. मग म्हणाली, "त्यांचं चूकच असेल असं नाही, शालू. मन स्वतःला फसवतं, हे मीच वर्गात शिकवत आले." त्या दिवसापासून तिने निरीक्षणं सांगणं बंद केलं. सकाळी सतरंजी घातलेली असे, स्टेशनातला धक्का ऐकू येई, आणि ती ओठ मिटून बसलेली असे. ती स्वतःचं मन ताळ्यावर आणत होती. तोंड धुऊन यायची तेव्हा उलटीचा वास यायचा. आपलं आपल्यालाच पटू नये असं काहीतरी तिच्या डोळ्यांत साचत चाललं होतं... एका सकाळी मी तिच्या डाव्या हाताला, अगदी जवळ बसले होते. तिने मला हाक मारली. मी "हं" म्हणाले. तिने सगळी पडवी शोधली, उजवीकडे, समोर, पुन्हा उजवीकडे. "आवाज आहे," ती हळूच म्हणाली, "माणूस नाही."

त्याच आठवड्यात तिला झटके आले. बाबा तिला गाडीत घालून मुंबईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बारीक दिवा धरून पाहिलं. डोक्यात उजवीकडे गाठ होती. बऱ्याच दिवसांची. आता हात लावण्यापलीकडे गेलेली. आत्या तिथेच गेली. बाबा परत आले ते एकदम म्हातारे होऊन. आईने विचारलं, "इथल्या डॉक्टरांना सांगितलंत?" बाबा म्हणाले, "आता सांगून काय होणार? गावात आहे तो एकच डॉक्टर. रात्री-अपरात्री त्याच्याच दारात जायचंय."

परवा ते डॉक्टर घरी भेटायला आले. चहा झाला. आत्याच्या विद्वत्तेबद्दल ते मनापासून चांगलं बोलले. मग उसासा टाकून म्हणाले, "मनाचा आजार असा असतो बघा. मन खचलं की शरीर मागोमाग जातं." बाबांनी मान डोलावली. शिष्टाचार म्हणून डोलावली, हे मला दिसलं. आई आतून आली नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे नजर टाकली, मग खिडकीत रचलेल्या आत्याच्या पुस्तकांकडे. "हिलाही यात फार गुंतू देऊ नका. तिच्याच वळणावर जायची. स्थळ बघा एखादं." बाबा पुन्हा मान डोलावणार होते. घशाला कोरड पडली होती, तळहात ओले झाले होते, छातीत धक्के बसत होते. ते सगळं मी पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आत्याचं डोकं दुखत होतं."