थांबायची सोय

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ताई म्हणत, कारण त्यांची सख्खी धाकटी बहीण त्यांच्याच वर्गात शिकत होती आणि तिच्या तोंडचं बाकीच्यांनी उचललं. ही धाकटी तिसऱ्या वर्षी बाळंतपणासाठी घरी गेली. परत आली तेव्हा ऑफिसने सांगितलं, पहिल्यापासून सुरू करा. ती मुकाट्याने घरी बसली.

ताईंच्या ते जिव्हारी लागलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी एकच ध्यास घेतला, लवचीक अभ्यासक्रमाचा. त्याचे असे भाग पाडायचे की प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहील. लग्न होवो, मूल होवो, सासू अंथरुणाला खिळो. मुलगी थांबेल, परत येईल, शिकलेलं वाया जाणार नाही. आधी शुश्रूषा, मग औषधं-इंजेक्शनं, शेवटी अतिदक्षता आणि प्रसूती.

"नर्स घडवताय की ठिगळं जोडताय?" सहकारी हसले. प्राचार्यांनी मात्र योजना उचलून धरली. पहिल्या तुकडीत धाकटीही बसली. पोरी तिला मावशी म्हणत.

दुसरा भाग संपताच कॉलेजच्याच हॉस्पिटलने मुलींना सहायक म्हणून वॉर्डात घेतलं. ताई हरखल्या. धाकटीने तिसऱ्या भागासाठी रजा मागितली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "माणसं कुठं आहेत? पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ आलीच नाही. अंग पुसण्यापासून इंजेक्शनापर्यंत सगळं तिच्याकडून सहायकाच्या पगारात होत होतं. मग तिला नर्स करतंय कोण?

ताई प्राचार्यांकडे गेल्या. "सर, हॉस्पिटलने मुलींना पुढचा भाग शिकायला सोडलंच पाहिजे, असा नियम करा."

"लवचीक हा शब्द तुमचाच ना, बाई?"

"मुलींसाठी होता तो."

"मग हॉस्पिटलचीही थोडी सोय झाली, तर बिघडलं कुठं?"

शेवटच्या भागाला कुणी येईना. त्या वर्गात जुन्या गाद्या रचल्या गेल्या. ताई पहिलाच भाग पुन्हा पुन्हा शिकवत राहिल्या, हात धुण्यापासून.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "माझ्यावर राग आहे का गं?"

"पूर्वी निदान सांगता यायचं, शिक्षण सुटलं म्हणून," धाकटी म्हणाली. "आता कुणी विचारलं तर म्हणते, शिकतेय. चाळिशी उलटली माझी, ताई."



दुसऱ्या दिवशी नवी तुकडी आली. मुलींची नावंही न विचारता ताई म्हणाल्या, "एक ऐका. मध्ये थांबू नका. कुणी कितीही गोड बोलून थांबवलं, तरी थांबू नका."